भीती वाटते, भय धरावं लागतं

*मावशी, आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. दीड एकर भात, दोन म्हशी. सहा वर्षं झाली, आम्ही येशूच्या विश्वासात आहोत. रविवारी आमच्या पडवीत आठ-दहा जण प्रार्थनेला बसतात. मागच्या वर्षी बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने माईकवर गावदेवीला सैतान म्हटलं, तेव्हापासून लोक धुसफुसत होते. उन्हाळ्यात आम्ही यात्रेची वर्गणी दिली नाही आणि सगळं फुटलं. आता डेअरीत आमचं दूध घेत नाहीत, दुकानात सामान देत नाहीत. पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबायला, कुणी येत नाही, भाताच्या रोपांचा तरवा वाढून चाललाय. पंचांनी एक कागद पाठवलाय. आम्हाला पैसे देऊन बाटवलं, यापुढे येशूचं नाव घेणार नाही, असं त्यात लिहिलंय आणि त्यावर सही मागतात. धाकटा दीर बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, तो म्हणतो पोरं घेऊन येतो. सासूबाई म्हणतात सही करून मोकळे व्हा. माझं तर दारात मोटारसायकल थांबली की हातातलं भांडं पडतं. आमचे पाळक सांगतात, खऱ्या विश्वासणाऱ्याला भीती नसते. मग माझा विश्वास खोटा का? थोडे दिवस प्रार्थना बंद ठेवली तर पाप लागेल का? आणि गावातले विचारतात, गोव्यात तुमच्याच लोकांनी आमचे देव हलवायला लावले ना? त्यांना काय सांगू?*

पोरी,

आधी त्या हातातून पडणाऱ्या भांड्याचं बोलू. बाकीचं सगळं त्यातूनच सुटेल असं मला वाटतं.

पाळकांचा मान राखून सांगते, ते वाक्य शास्त्राला धरून नाही. ३४ वं स्तोत्र काढ. त्याच्या मथळ्यात लिहिलंय की दाविदाने वेड्याचं सोंग घेतलं त्या वेळचं हे स्तोत्र. तो प्रसंग पहिल्या शमुवेलच्या २१ व्या अध्यायात आहे. दावीद जीव वाचवायला पळून गथ या शत्रूच्या नगरात गेला, तिथे लोकांनी त्याला ओळखलं आणि तो फार घाबरला. इतका, की वेशीच्या दारावर नखांनी ओरखडे काढायला लागला, दाढीवर लाळ गाळायला लागला, का तर वेडा समजून सोडून द्यावं. गल्याथाला पाडणारा दावीद तो हाच. आणि त्याच स्तोत्रात तो म्हणतो, लेकरांनो, या, माझं ऐका, मी तुम्हाला परमेश्वराचं भय शिकवतो. दाढीवरची लाळ पुसून बसलेला माणूस हे शिकवतोय. तेव्हा तुझ्या हातून भांडं पडतं म्हणून तुझा विश्वास खोटा, असं मला कुणीही सांगितलं तरी मी मानणार नाही.

आपल्या मराठीत या गोष्टीला दोन वेगळी क्रियापदं आहेत, नीट ऐक. भीती आपल्याला *वाटते*. शिंक येते, ताप येतो, तशी ती येते. तिच्यावर आपला हुकूम चालत नाही. पण देवाच्या बाबतीत आपलं शास्त्र म्हणतं भय *धरा*. धरायचं म्हणजे हाताने धरायचं. म्हैस बुजते तेव्हा तू दावं धरतेस ना, तसं. म्हैस बुजायची ती बुजतेच, तुझ्या छातीत धडधडायचं ते धडधडतंच, पण हाताची मूठ दाव्यावर असते. भीती वाटणं आणि भय धरणं एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं. तुझ्यात ते आहे. नाहीतर त्या कागदावर तू केव्हाच सही केली असतीस.

निर्गमच्या पहिल्या अध्यायात दोन सुइणी आहेत, शिफ्रा आणि पुवा. राजाचा हुकूम होता, इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मारलं नाही. राजाने बोलावून जाब विचारला तेव्हा त्यांचे पाय कापले नसतील का? त्या काही लढवय्या नव्हत्या. हातात नाळ, बाजूला कळा देणारी बाई, अंगावर राजाचा हुकूम. एवढ्या गर्दीत त्यांनी एक विचारलं असेल: यातल्या कुणापुढे मला शेवटी उभं राहायचंय? मला देवाच्या भयाचं एवढंच कळतं. देव म्हणजे काठी घेऊन उभा असलेला कुणी आहे असा त्याचा अर्थ नाही. तो खरा थोरला आहे, आणि थोरला डोळ्यांसमोर असला की बाकीचे सगळे आपापल्या मापाचे दिसायला लागतात. पंच पंचांएवढे दिसतात. मोटारसायकलवरची पोरं पोरांएवढी दिसतात.

माझी आजी चिकोडीकडच्या एका गावात नांदली. विहिरीवर तिला चढू देत नसत. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. एकदा तिच्या घागरीत कुणीतरी शेण टाकलं. तिने घागर घरी आणली, राखेने घासली आणि परत जाऊन त्याच जागी ठेवून उभी राहिली. मी लहानपणी विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली की. पाय लटलट कापत हुते. पर सकाळी चुलीपुढं गुडघं टेकून आलेली ना मी. आधी थोरल्या धन्याला हजेरी, मग बाकीच्यांस्नी." तिला अक्षर येत नव्हतं. पण पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तिला पुरता कळला होता.

ते पत्र तू या आठवड्यात सबंध वाच. पाचच अध्याय आहेत. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया इथल्या विश्वासणाऱ्यांना ते लिहिलंय, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या. त्यांचा छळ कसला होता? चौथ्या अध्यायात पाहा: तुम्ही आता आमच्याबरोबर येत नाही याचं त्यांना नवल वाटतं आणि ते तुमची निंदा करतात. म्हणजे तुझ्या गावासारखंच. जत्रा, जेवणं, वर्गणी, आणि यातून एक घर बाजूला झालं म्हणून सगळ्यांच्या डोळ्यावर आलेलं. त्यांना पेत्र म्हणतो, त्यांच्या भीतीला भिऊ नका, ख्रिस्ताला आपल्या अंतःकरणात प्रभू म्हणून पवित्र माना. हे शब्द त्याने यशयाच्या आठव्या अध्यायातून घेतलेत. आणि दुसऱ्या अध्यायात एका वचनात तो चार गोष्टी सांगतो, त्यातले शब्द तोलून वाच: सगळ्यांना मान, बंधुवर्गावर प्रीती, देवाचं भय, राजाला मान. राजाला फक्त मान आहे. भय एकट्या देवाच्या वाट्याचं आहे. राजाला जिथे मान, तिथे पंचांनाही मानच. तो मात्र पुरता द्यायचा, कसर न करता.

पेत्र हा येशूचा शिष्य. तो हे लिहितो तेव्हा मला त्याची ती रात्र आठवते, येशूला पकडलं ती. अंगणात कोळशाची शेगडी, थंडी, आणि एक दासी विचारते, तूही त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणाला, मी त्याला ओळखतच नाही. त्याच रात्री थोड्या वेळापूर्वी त्याने तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा, मल्खाचा, कान तोडला होता. तुझ्या दिराला हे वाचून दाखव. तलवार आणि नकार, एकाच माणसाचे, एकाच रात्रीचे, आणि दोन्ही भीतीतून आलेले. पोरं जमवून यायचं म्हणतो तो शूर आहे असं त्याला वाटतं, पण मला त्यात एक घाबरलेला पोरगा दिसतो. भावासाठी, वहिनीसाठी, आईसाठी घाबरलेला. त्याला रागवू नकोस. जवळ बसवून सांग की एक जरी काठी उठली तरी उद्याच्या तक्रारीत आरोपी तो असेल आणि तुमचं खरं कुणी ऐकणार नाही. त्याच्या अंगात जी रग आहे तिला दुसरं काम आहे, ते पुढे सांगते.

आता तो कागद.

पेत्राने ज्या बिथुनियाला लिहिलं तिथे इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी होता. त्याने सम्राट ट्राजानला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. ख्रिस्ती म्हणून कुणाला पकडून आणलं की तो तीनदा विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हणत राहिले त्यांना त्याने मृत्युदंडाला पाठवलं. नाही म्हणाले, देवांची नावं घेतली, सम्राटाच्या मूर्तीपुढे ऊद आणि द्राक्षारस ठेवला आणि ख्रिस्ताला शिव्या दिल्या, त्यांना सोडलं. त्यानेच लिहून ठेवलंय की जे खरोखर ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडून यातलं काही करवून घेता येत नाही असं म्हणतात. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचा छळ केला, त्या मंडळीच्या सेविका होत्या. वेड्या अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही, असं तो म्हणतो. विश्वास सोडलेल्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं: ठरल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. बस, एवढंच. त्या दोघी दासींची नावं त्याने लिहिली नाहीत. मला त्यांचा फार विचार येतो.

तू विचारलंस, प्रार्थना थोडे दिवस बंद ठेवली तर पाप का. माझं मत सरळ सांगते. पडवीतली प्रार्थना चार रविवार पाहुण्यांकडे, दुसऱ्या गावी, बेळगावात कुठे नेलीत तर त्यात काही पाप नाही. शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, हे येशू मत्तयच्या दहाव्या अध्यायात म्हणतो, आणि त्याच अध्यायात त्याच्या थोडं आधी म्हणतो, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. दोन्ही त्याचेच शब्द. म्हातारी सासू आणि लेकरं घरात असताना जागा बदलणं म्हणजे नाकारणं नव्हे. पण सहीची गोष्ट निराळी. "पैसे देऊन बाटवलं" हे खोटं आहे. खोट्यावर सही केलीस तर त्याने छळ थांबणार नाही, उलट तुमच्यासोबत बसणाऱ्या आठ-दहा जणांवर पैसे वाटल्याचा आरोप त्याच कागदावरून होईल. सासूबाईंना हे असं सांग. त्यांना विश्वासाचं भाषण नको, शेजाऱ्याच्या गळ्याला आपण फास लावतोय हे त्यांना पटकन कळेल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात २०२१ च्या डिसेंबरात धर्मांतराबद्दलचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, तेव्हापासून खेड्यापाड्यांत असा समज पसरलाय की घरात प्रार्थना करणंच गुन्हा आहे. तो कायदा आला तो जबरदस्ती, फसवणूक, आमिष असल्या धर्मांतराबद्दल. स्वतःच्या पडवीत बसून प्रार्थना करण्याबद्दल तो नव्हता. राज्यघटनेचं २५ वं कलम सदसद्विवेकाचं आणि धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य देतं, ते तुला आहे आणि पंचांनाही आहे. कोल्हापूरकडचे पाहुणे तुला सांगतील की बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. महाराष्ट्राने तो २०१६ साली केला, पण तो महाराष्ट्राचा, सीमेअलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. इथे काय लागू होतं ते वकिलाला विचार. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. १९८७ च्या कायद्याखाली बाईला, मग तिची मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. कुणी अंगावर आलंच तर ११२.

आणि हे सीमाभागातल्या प्रत्येकीला सांगावंसं वाटतं. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. आपल्या बायका "बरं बरं" म्हणत सही करून येतात. तसं करू नकोस. लिहिलेलं वाचून दाखवायला सांग, तो तुझा हक्क आहे, आणि गुन्हा नोंदला तर त्याची प्रत फुकट घे. दिराला हेच काम दे. तो रोज बेळगावात असतो, कन्नड त्याला येतं. त्याने सोबत यावं, प्रत्येक ओळ तुला मराठीत सांगावी, डेअरीत दूध कुठल्या तारखांना नाकारलं ते वहीत लिहून ठेवावं, तो कागद फाडू न देता जपून ठेवावा. पोलिसांत जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर प्रेषितांच्या कृत्यांचा २२ वा अध्याय दाखव. फटके मारायला बांधल्यावर प्रेषित पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याला, विचारतो, दोषी ठरवल्याशिवाय रोमी माणसाला फटके मारणं कायद्यात बसतं का?

आता जे तुला आवडणार नाही ते. माईकवर गावदेवीला सैतान म्हटलं, ती आपली चूक आहे. त्यावरून गाव रागावलं त्याला मी छळ म्हणणार नाही. इफिसमध्ये पौल दोनेक वर्षं राहिला, तिथे दंगल झाली तेव्हा नगराचा लेखकच लोकांना म्हणाला, या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. पौलाच्या सोबत्यांबद्दल परक्याने दिलेली ही साक्ष आहे. तुमच्याबद्दल गावात कुणाला अशी साक्ष देता येईल का? मला वाटतं, नवऱ्याने पंचांमधल्या वडीलधाऱ्या माणसाकडे जावं, बसावं, आणि म्हणावं, "काका, त्या दिवशी जे बोललं गेलं ते आमच्या पडवीतून बोललं गेलं. आमचं चुकलं, माफ करा." एवढंच. त्याला पुढे "पण" जोडू नये. वर्गणीचंही तसंच. पूजेला देता येणार नाही हे हात जोडून सांगा, आणि शाळेचं छप्पर, पाण्याची पाइपलाइन, रस्त्याचा मुरूम यांना इतरांपेक्षा जास्त द्या. तुम्ही गावातून बाहेर पडलेला नाहीत हे गावाला दिसलं पाहिजे.

देवाचं भय धरणाऱ्याने आपल्या माणसांची चूक कबूल करायला घाबरू नये. पेत्राने उत्तर द्यायला तयार राहा म्हटलं, आणि लगेच पुढे म्हटलं, सौम्यतेने, भय धरून. आपल्या प्रचारकांना पहिला अर्धा पाठ असतो.

गोव्याचंही असंच. चोर्ला घाट उतरलं की गोवा, त्यामुळे ही आठवण आपल्या तालुक्यात ताजी आहे आणि ती खरी आहे. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, बसली, ती मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालली. त्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. लोक रात्रीतून देव उचलून पळाले. तुला सहज म्हणता येईल की आमचा पोर्तुगिजांशी काय संबंध, बेळगावात १८२० ला लंडन मिशन आलं, १९०४ ला ते काम मेथडिस्टांकडे गेलं, आम्ही त्यातले. खरं आहे ते, पण तसं म्हणू नकोस. "हो, झालं. ते पाप होतं. येशूचं नाव घेऊन केलं म्हणून जास्त मोठं पाप होतं," असं म्हण. ज्यांनी ते केलं त्यांना राजाची मर्जी मोठी वाटली, देवाचं भय त्यांनी धरलं नाही. आज तुमचं दूध परत पाठवणारे आणि तेव्हा मूर्ती फोडणारे, यांच्या जागी आपणही कधी असू शकतो हे ज्याला कळलं त्याच्या बोलण्यात टोचणी राहत नाही.

सकाळी काय करशील ते सांगते. म्हशीखाली बसायच्या आधी ३४ वं स्तोत्र मोठ्याने म्हण. मनात नको, मोठ्याने. त्यातलं सातवं वचन सासूबाईंना पाठ करून दे: परमेश्वराचं भय धरणाऱ्यांच्या सभोवती त्याचा दूत छावणी करतो. मग पंचांची नावं एकेक करून घे. कुणाच्या सुनेचे दिवस भरलेत, कुणाची साखर वाढलीये, तुला सगळं माहीत असेल, गावातच राहतेस. ते देवापुढे सांग. आठ दिवसांनी ती माणसं रस्त्यात दिसली की तुला वेगळी दिसतील. भांडं कदाचित तरीही पडेल. पडू दे, उचल आणि दार उघड. कोण आलंय ते बघ, आणि बसा म्हण. पॉलिकार्प नावाचा स्मुर्णाचा म्हातारा अध्यक्ष होता, त्याला पकडायला रात्री माणसं आली तेव्हा त्याने आधी त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि स्वतःसाठी प्रार्थनेला तासभर मागितला. तुझ्या घरात साखर संपली असेल, दुकानदार देत नाही म्हणालीस. तर पाणी दे, गूळ दे.

दूध डेअरीत घेत नाहीत तोवर दिराच्या हाती बेळगावला पाठव, आमच्या मंडळीतली सहा घरं रोजचं घ्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. आणि तरव्याचं: रोप फार वयाचं झालं तर फुटवे कमी येतात, त्याला थांबवून चालणार नाही. तुझा नंबर पत्रात आहे, मी आज संध्याकाळी फोन करते. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही पाच जणी येतो रोप लावायला. चिखलात वाकायचं आता माझ्या कमरेला जमत नाही, मी बांधावर बसून मुठी बांधून देईन. जेवणाची चिंता करू नकोस, भाकरी आम्ही बांधून आणू. फक्त खताचं काय केलंय ते फोनवर सांग.

तुझी मावशी